बॅटरी स्वस्त चालेल, जोडणी नको

लाइट गेले की जिन्याखालचा इन्व्हर्टर टक्‌ करतो, पंखा पुन्हा फिरू लागतो आणि आपण कामाला लागतो. या सोयीचा भार आजवर शिशाच्या जड बॅटरीने वाहिला. तिच्यात दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टर्मिनलवर साचलेला पांढरट-हिरवट थर खरवडायचा आणि चार-पाच वर्षांनी ती एक्स्चेंजमध्ये देऊन नवी आणायची, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. आता तिच्या जागी लिथियमची बॅटरी येऊ लागली आहे. वजनाला पाव, पाण्याची कटकट नाही आणि आयुष्य दुप्पट-तिप्पट. मात्र नामांकित कंपनीची किंमत ऐकून हात आखडतो. मग ऑनलाइन किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तेवढ्याच क्षमतेची, फारसे नाव नसलेली बॅटरी बऱ्याच कमी पैशांत दिसते. ती घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही. फक्त वाचलेल्या पैशांतला काही भाग तार, फ्यूज आणि नीट दाबलेल्या लगवर खर्च करायची तयारी हवी. या बॅटरीचे रसायन बरेच सोशिक आहे. सैल नट, बारीक तार आणि फ्यूज नसलेली जोडणी मात्र काहीही सोसत नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल, तर हा प्रश्न पंख्यापुरता राहत नाही.

लिथियम म्हणजे एकच रसायन नव्हे

मोबाइलमधली बॅटरी लिथियमची, स्कूटरमधली लिथियमची आणि इन्व्हर्टरचीही लिथियमची, म्हणून सगळ्या सारख्याच असा समज असतो. २०२२च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींची दृश्ये अनेकांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यामुळे भीतीही सारखीच वाटते. प्रत्यक्षात या बॅटऱ्यांच्या धन ध्रुवात वेगवेगळे पदार्थ असतात. मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये प्रामुख्याने कोबाल्टची संयुगे असतात. इन्व्हर्टर आणि सोलरसाठी जी विकली जाते, ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे लोह आणि फॉस्फेट यांची. बाजारात तिला एलएफपी म्हणतात.

अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ बॅटरीसाठी प्रथम तपासला गेला. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते भारतीय वंशाचे संशोधक अक्षय पाधी. गुडइनफ यांना पुढे २०१९मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी आणखी दोन शास्त्रज्ञांसह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या पदार्थाचा मोठा गुण म्हणजे त्यातील फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध फार घट्ट असतो. कोबाल्टची संयुगे अति तापली की ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे आतल्या आत आगीला खतपाणी मिळते. एलएफपीमध्ये ऑक्सिजन सहजी सुटत नाही. ती जास्त तापमानापर्यंत टिकते आणि बिघडली तरी तुलनेने सौम्यपणे बिघडते. म्हणून ती घरात ठेवायला अधिक योग्य.

पण ‘ही बॅटरी पेटतच नाही’ हे दुकानदाराचे वाक्य खरे नाही. तिच्यातला द्रव ज्वलनशील असतो. सेल फुटला तर ज्वालाग्राही आणि विषारी वायू बाहेर पडतात. शिवाय बॅटरीबाहेरची तार पेटली, तर आतले रसायन कितीही गुणी असले तरी उपयोग नाही.

आधी गरज मोजा

बॅटरीवर ‘१०० एएच’ असे लिहिलेले असते. एएच म्हणजे अँपिअर-तास. एवढ्याच आकड्यावर तुलना करू नका. त्याला व्होल्टने गुणले की वॅट-तास मिळतात, आणि आपल्याला विकत घ्यायचे असतात ते वॅट-तास. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. असे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट-तास.

शिशाच्या १५० एएच बॅटरीवर हिशेबाने १८०० वॅट-तास असतात. पण हा आकडा ती वीस तास हळूहळू वापरली तरचा. दोन-तीन तासांत वापरायला गेलो तर ती बरीच कमी वीज देते. शिवाय दरवेळी अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर आयुष्य घटते. एलएफपी ८० ते ९० टक्के वापरली तरी तिचे फारसे बिघडत नाही. म्हणून १५० एएचच्या शिशाच्या बॅटरीच्या जागी १०० एएचची एलएफपी बहुतेक घरांना पुरते.

एक हिशेब करून पाहू. दोन साधे पंखे १५० वॅट, चार एलईडी दिवे ३६ वॅट, राउटर १० आणि टीव्ही ८०. एकूण २७६ वॅट. इन्व्हर्टर स्वतः काही वीज खातो. त्यामुळे बॅटरीतून सुमारे ३२५ वॅट निघतील. १२८० वॅट-तासांपैकी ९० टक्के, म्हणजे सुमारे ११५० वापरले, तर साडेतीन तास मिळतात. त्याच घरात पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर चालवायचा असेल, तर तो एकटाच सुमारे ३५० वॅट घेतो. मग बाकी सर्व बंद ठेवूनही पावणेतीन तासच मिळतील. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय बॅटरीचा आकार ठरवू नका.

आणि हिशेबाचा शेवट कधीकधी ‘नको’ असाही होतो. शहरात महिन्यातून दोनदा तासभर लाइट जात असतील आणि शिशाची बॅटरी ठीक चालत असेल, तर ती बदलण्याची घाई कशाला? एलएफपीचा पैसा वसूल होतो तो रोजच्या वापरात. जिथे रोज भारनियमन आहे किंवा छपरावरच्या सोलरची वीज रात्री वापरायची आहे, तिथे.

स्वस्तात नेमके काय कमी होते?

बॅटरीच्या पेटीत दोन मुख्य गोष्टी असतात, सेल आणि बीएमएस. बीएमएस म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे आणि गरज पडली तर बॅटरी बंद करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. किंमत कमी होते ती यांपैकी एकात किंवा दोन्हींत.

सेल नवे आणि उत्तम प्रतीचे असू शकतात, कारखान्याच्या चाचणीत थोडे कमी उतरलेले असू शकतात किंवा एखाद्या वाहनातून काढून पुन्हा वापरलेलेही असू शकतात. जुने सेल पुन्हा वापरणे हा गुन्हा नाही. तसे न सांगता नव्याच्या भावात विकणे ही फसवणूक आहे. चांगल्या सेलवर क्यूआर कोड असतो. तो खरवडलेला असेल तर विक्रेत्याला कारण विचारा. काही पॅकमध्ये चार मोठ्या चौकोनी सेलऐवजी टॉर्चमधल्यासारखे, पण जाडसर गोल सेल असतात. सोलर पथदिव्यांत असे पॅक सर्रास दिसतात. एक सेल सहा एएचचा धरला, तर १०० एएचसाठी असे सत्तरच्या आसपास सेल आणि त्यांचे शंभराहून अधिक वेल्ड लागतात. हे सेल वाईट नसतात, पण प्रत्येक वेल्ड नीट बसलेला असायला हवा.

पेटी न उघडता करता येणारी पहिली चाचणी वजनकाट्यावरची. १०० एएचचा चौकोनी सेल साधारण दोन किलोचा असतो. चार सेलचे आठ किलो, त्यात पेटी, पट्ट्या आणि बीएमएस. म्हणजे १२.८ व्होल्ट, १०० एएचची बॅटरी दहा ते तेरा किलोंच्या आसपास हवी. ती सहा-सात किलोंची असेल, तर लेबलावरचा आकडा खोटा आहे असे समजा. उलट, वजन बरोबर आहे म्हणून सेल चांगलेच असतील असेही नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते.

बॅटरी परत करण्याची मुदत संपण्याआधी ती पूर्ण चार्ज करा. मग इन्व्हर्टरवर सुमारे अडीचशे वॅटचा स्थिर भार, पंखे-दिवे असा, लावून ती आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. प्लगमध्ये बसवायचे छोटे वीजमापक यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळते. ते किती वीज गेली ते दाखवते. इन्व्हर्टरमधली घट धरून १२८० वॅट-तासांच्या बॅटरीतून १००० ते ११०० वॅट-तास मिळायला हवेत. इन्व्हर्टर फार जुना असेल तर थोडे कमी. पण आठशेच्याही खाली आले, तर बॅटरी परत करा. थेट बॅटरीच्या तारेवर बसवायचे डीसी मापक असेल तर उत्तर आणखी नेमके येते. त्यात ९५ एएचच्या वर मिळाले तर निश्चिंत व्हा.

‘४००० सायकल’, ‘६००० सायकल’ या दाव्यांनी भारावून जाऊ नका. हा आकडा साधारण २५ अंश तापमानात, ठराविक वेगाने चार्ज आणि रिकामी करून, क्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. रोज एक सायकल धरली तरी ४००० म्हणजे अकरा वर्षे. महिन्यातून दोनदाच लाइट जाणाऱ्या घरात तर हिशेब दीडशे वर्षांच्या पुढे जाईल. त्याआधी बॅटरी वयानेच जाईल. म्हणून जादा सायकलसाठी जादा पैसे देण्यापेक्षा वॉरंटी लेखी आहे का आणि बिघडल्यास बॅटरी आपल्या शहरात कोण बघणार, हे विचारा. स्वस्त बॅटरीत खरी कमतरता असते ती बहुधा इथेच.

न सांगता बंद पडणारी बॅटरी

शिशाची बॅटरी दमली की कळते. व्होल्टेज हळूहळू उतरते आणि इन्व्हर्टर वेळेवर बीप देऊ लागतो. एलएफपीचे व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट असते. नव्वद टक्के भरलेली असताना आणि तीस टक्के भरलेली असताना त्यात जेमतेम ०.३ व्होल्टचा फरक असतो. अगदी शेवटी ते एकदम कोसळते आणि एखादा सेल सुमारे अडीच व्होल्टपर्यंत उतरला की बीएमएस पूर्ण बॅटरी तोडून टाकतो. घरात एका क्षणी पंखा फिरतोय आणि दुसऱ्या क्षणी सगळे शांत.

पंख्यासाठी हे चालून जाते. कॉन्सन्ट्रेटरसाठी नाही. घरात असा रुग्ण असेल तर तीन गोष्टी कराव्यात. पहिली, बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजून शिल्लक टक्के दाखवणारे मापक बसवावे किंवा ब्लूटूथवर शिल्लक दाखवणारा बीएमएस असलेली बॅटरी घ्यावी. नुसत्या व्होल्टेजवर चालणाऱ्या बॅटरी-दिव्यांवर विसंबू नये. दुसरी, इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर तापतो आणि यंत्र बिघडू शकते. तिसरी, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना हाताशी असावा. बॅटरी कितीही महाग असली तरी ती सिलिंडरची जागा घेत नाही. आणि बॅटरी-इन्व्हर्टर रुग्णाच्या खोलीत ठेवू नये. ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेत छोटी ठिणगीही मोठी ठरते.

बीएमएसची क्षमताही पाहावी. १०० एएचच्या बॅटरीत १०० अँपिअरचा बीएमएस असेलच असे नाही. स्वस्त पॅकमध्ये तो पन्नासचाही असतो. कॉम्प्रेसर किंवा फ्रिज सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कैक पट प्रवाह ओढतात आणि अपुरा बीएमएस तेवढ्यावरही बंद पडतो.

इन्व्हर्टरला नवी बॅटरी कळते का?

जुन्या इन्व्हर्टरला वाटते की समोर अजून शिशाचीच बॅटरी आहे. चार सेलच्या एलएफपीची वरची मर्यादा १४.६ व्होल्ट. रोजच्या वापराला १४.२ ते १४.४ व्होल्ट पुरतात. काही इन्व्हर्टर ट्यूब्युलर बॅटरीसाठी याच्याही वर जातात आणि अधूनमधून इक्वलायझेशन म्हणून पंधरा व्होल्टच्या पुढे नेतात. अशा वेळी बीएमएस मध्ये पडून चार्जिंग तोडतो. पण बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. त्याला रोज कामाला लावू नये.

म्हणून बॅटरी घेण्याआधी इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत लिथियमची सेटिंग आहे का ते पाहा. ती नसेल तर जेल किंवा एसएमएफ बॅटरीची सेटिंग अनेकदा जवळची ठरते. मात्र चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून खात्री करा. रिकामी झाल्यावर तोडण्याची मर्यादा बदलता येत असेल, तर १०.५ ऐवजी ११.५ ते १२ व्होल्ट ठेवा, म्हणजे बीएमएसच्या आधी इन्व्हर्टर थांबेल. बीएमएसने तोडलेल्या बॅटरीच्या टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसू शकतात. काही इन्व्हर्टरना तेव्हा बॅटरीच जोडलेली नाही असे वाटते आणि ते चार्जिंग सुरूच करत नाहीत. बॅटरी मेली समजून फेकायची वेळ अनेकदा अशी येते. लिथियम चार्जर लावल्यावर ती पुन्हा जागी होते.

सत्तर अँपिअरची गोष्ट

आता जोडणीकडे वळू. ७०० वॅटचा भार २३० व्होल्टवर फक्त तीन अँपिअर घेतो. तोच भार १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओढायचा तर इन्व्हर्टरमधली घट धरून जवळपास ७० अँपिअर लागतात. भिंतीतल्या वायरिंगची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना १२ व्होल्ट म्हणजे खेळणे वाटते. शॉक बसत नाही हे खरे, पण उष्णता व्होल्टवर नाही, प्रवाहावर ठरते. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हे सूत्र शाळेत शिकलेलेच आहे.

समजा, लगचा नट सैल राहिला आणि तिथे एक शतांश ओहम एवढाच रोध तयार झाला. सत्तरचा वर्ग ४९००. त्याचा शंभरावा भाग ४९ वॅट. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचे सोल्डरिंग आयर्न असते २५ वॅटचे. म्हणजे त्या एका नटावर दोन सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास टेकवून ठेवल्यासारखे होते. प्लास्टिकचे टर्मिनल वितळते, नट आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो. बॅटरी मात्र निर्दोष असते.

म्हणून काही गोष्टींवर तडजोड नको. ७० अँपिअरसाठी २५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक तार नको आणि ती शक्य तेवढी आखूड असावी. तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. टोक चाकूने खरवडले की आतला चंदेरी रंग दिसतो. मात्र कलई केलेली तांब्याची तारही वरून चंदेरी दिसते. तिला खरवडले की आत तांबे दिसते. लग हातोडीने ठोकून किंवा पकडीने दाबून बसवलेला नको. क्रिम्पिंगच्या यंत्रावर दाबलेला हवा. केबलच्या दुकानात थोड्या पैशांत ते करून मिळते. लग थेट टर्मिनलच्या धातूवर टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वर. अनेकदा वॉशर मध्ये अडकवला जातो आणि सगळा प्रवाह पोलादाच्या चकतीतून जातो. नट किती आवळायचा तेही बॅटरीच्या पुस्तिकेत दिलेले असते. जास्त आवळला तर टर्मिनलचे आटे जातात.

फ्यूज तर हवाच. एलएफपीचा आतला रोध इतका कमी असतो की शॉर्टसर्किट झाल्यास तिच्यातून हजारो अँपिअर वाहू शकतात. बीएमएस ते थांबवण्याचा प्रयत्न करतो, पण त्या झटक्यात तोच जळू शकतो. फ्यूज धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. त्यापुढची सगळी तार त्याच्या रक्षणाखाली येते. मोठ्यात मोठ्या भाराच्या सव्वापट, पण तारेच्या क्षमतेपेक्षा कमी, असा फ्यूज निवडावा. आपल्या उदाहरणात १०० अँपिअरचा. घरातल्या बोर्डावरची साधी एमसीबी इथे चालत नाही. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटताना उडालेली ठिणगी विझते. डीसीमध्ये शून्य येतच नाही आणि ठिणगी जळत राहते. म्हणून फ्यूज किंवा एमसीबीवर डीसी व्होल्टेज आणि तो सुरक्षितपणे तोडू शकणारा प्रवाह स्पष्ट छापलेला असावा.

प्रत्यक्ष जोडताना अंगठी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली चेन, मंगळसूत्र काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. आधी मेनमधून येणारी वीज आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. धन-ऋण दोनदा तपासा. उलटी जोडणी इन्व्हर्टर आणि बीएमएस दोघांनाही क्षणात संपवू शकते. शेवटची तार टेकवताना मोठी ठिणगी उडते, कारण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर एकदम भरू पाहतात. कधी त्यानेच बीएमएस बंद पडतो आणि बॅटरी खराब निघाली असे वाटते. त्यासाठी शेवटची तार टेकवण्याआधी ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब काही सेकंद जोडून धरावा. बल्ब मंदावला की कपॅसिटर भरले. मग तार बसवावी.

दोन बॅटऱ्या असतील तर

स्वस्त म्हणून दोन छोट्या बॅटऱ्या घेऊन जोडण्याचा मोह होतो. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरसाठी त्या समांतर जोडाव्या लागतात, म्हणजे धन धनाला आणि ऋण ऋणाला. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जोडण्यापूर्वी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा. एक भरलेली आणि एक रिकामी थेट जोडली, तर भरलेलीतून रिकामीत प्रवाहाचा लोंढा जातो. फक्त व्होल्टेज सारखे दिसते म्हणून फसू नका. ते सपाट असते हे आपण पाहिलेच.

इन्व्हर्टरची धन तार पहिल्या बॅटरीवरून घेतली, तर ऋण तार दुसरीवरून घ्या. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच जास्त राबते आणि आधी थकते. दोन्हींना स्वतंत्र फ्यूज हवा. आणि एक धोका लक्षात ठेवा. एकीचा बीएमएस बंद पडला की सगळा भार दुसरीवर येतो. तिचा बीएमएस तेवढा समर्थ नसेल तर तीही लगेच बंद.

२४ व्होल्टच्या इन्व्हर्टरसाठी दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडण्याऐवजी २५.६ व्होल्टची एकच बॅटरी घ्यावी. एकापुढे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्यांचे बीएमएस एकमेकांना ओळखत नाहीत. एक आधी भरते, दुसरी मागे राहते आणि हळूहळू दरी वाढत जाते. अनेक स्वस्त बीएमएस तर तेवढे व्होल्टेज सोसण्यासाठी बनवलेलेच नसतात. जुनी शिशाची बॅटरी ‘आहेच तर राहू दे’ म्हणून नव्या एलएफपीला समांतर जोडणेही चुकीचे. दोघींची चार्जिंगची रीत आणि व्होल्टेज वेगळे. एकीला जे योग्य, ते दुसरीला जाचक.

ऊन, जागा आणि जुने शिसे

एलएफपीला शून्य अंशाखाली चार्ज केले तर तिच्या ऋण ध्रुवावर लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची बिघडते. लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे शत्रू आहे तो उन्हाळा. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखाली किंवा गच्चीवरच्या बंद पेटीत तो आणखी चढतो. उष्णतेने सेल लवकर म्हातारे होतात. बॅटरी सावलीत, भिंतीपासून थोडी सोडून, हवा खेळेल अशी ठेवावी. जिन्याखालची रद्दी आणि रंगाचे डबे तिथून हलवावेत. घराबाहेर पडायच्या वाटेतच बॅटरी असू नये. ती फुगली, तिला गोडसर, रसायनासारखा वास येऊ लागला किंवा धूर दिसला, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडावे आणि मग १०१ किंवा ११२ वर फोन करावा. धुरात उभे राहून वायर काढायला जाऊ नये.

जुनी शिशाची बॅटरी मात्र कुणाही भंगारवाल्याला देऊ नका. ती उघड्यावर फोडून शिसे वितळवले जाते आणि तो धूर आणि ती धूळ आसपासच्या मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडेच ती परत करा. एक्स्चेंजचे पैसेही तिथेच मिळतात. उद्या एलएफपी थकेल, तेव्हाही हेच करायचे आहे.

पहिला महिना

जोडणी झाल्यावर पूर्ण भार लावून अर्धा तास चालवा. मग इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक लगजवळ तळहाताची मागची बाजू आधी न टेकवता धरा आणि फार ऊब लागत नसेल तरच टेकवा. तार कोमट लागली तर ठीक. एखादा लग इतरांपेक्षा गरम लागला, तर तोच उघडून पुन्हा बसवायचा. महिन्याने सगळे नट एकदा पुन्हा तपासा, कारण तापून-थंड होऊन ते सैल पडतात. हे काम स्वतः करायचे नसेल तर वायरमनकडून करून घ्या. पण फ्यूज कुठे आहे, किती अँपिअरचा आहे आणि तो डीसीचा आहे का, हे त्याला तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

आणि घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण असेल, तर एक दिवस भर दुपारी, सगळे घरात असताना, मेन स्विच मुद्दाम बंद करून पाहा. इन्व्हर्टरवर कॉन्सन्ट्रेटर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून मोजा. मापकावर वीस टक्के उरले की थांबा आणि सिलिंडर लावायला किती मिनिटे लागतात तेही बघा. सिलिंडर उघडता येणारे घरात किमान दोघे जण हवेत. मोजलेला वेळ आणि सिलिंडरवाल्याचा फोन नंबर इन्व्हर्टरवर चिकटवून ठेवा. बॅटरी कुठल्या कंपनीची आहे, यापेक्षा रात्री दोन वाजता त्या चिठ्ठीचाच उपयोग जास्त होईल.